चिमटीची पकड

माझ्या टेबलाच्या खणात निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे, बालवर्गातल्या मुलांच्या नोंदींची. त्यात एका पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'बाहुलीचे लोकरी केस एकेक करून उपटते. वीस मिनिटं एकाग्र. चिमटीची पकड उत्तम.' शेजारी लाल पेनाने चांदणी काढली आहे. मुलाचं काही छान दिसलं की मी चांदणी काढते. ते पान फाडून टाकावं असं कितीदा तरी वाटलं, पण अजून फाडलेलं नाही.

आमची शाळा नवी मुंबईतल्या उलव्यात, एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या दोन गाळ्यांत आहे. एका बाजूला दूध डेअरी, दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाला. मधली भिंत पाडून एक लांबट खोली केली आहे. तीन ते पाच वर्षांची अठरा मुलं. आम्ही बाक मांडत नाही, अक्षरं गिरवून घेत नाही. ठोकळे, माती, चिंचोके, जुनी भांडी, बाहुल्या असं सगळं मांडून ठेवतो आणि मूल कशाकडे वळतं ते बघतो. मग त्याच्या आवडीचा धागा धरून पुढे जायचं. एकाला विमानांचं वेड लागलं (विमानतळ शेजारीच झालाय, आता डोक्यावरूनच जातात, तर लागणारच), तर सगळा वर्ग आठ दिवस विमानं मोजत होता, धावपट्टी बांधत होता, तिकिटं फाडत होता. पालकांना हे पटवताना मात्र माझा जीव मेटाकुटीला येतो. "मॅडम, नुसते खेळतातच का? लिहायला कधी घेणार?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की समोरच्याने तोंड उघडायच्या आत मी चिडलेली असते. मुळात मी चिडकीच. शाळा माझी, मत माझं, आणि ते चुकू शकतं हे मला त्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

आमचे नियम दोनच. मूल खेळत असताना मध्ये पडायचं नाही, नुसतं बघायचं आणि वहीत लिहायचं. आणि मुलाने मांडलेला खेळ मोठ्यांनी मोडायचा नाही. ज्याने मांडला त्यानेच आवरायचा. हा दुसरा नियम मी स्वतः केलेला, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला. तो पहिल्यांदा मोडला तो मीच.

ती जूनमध्ये आली. चार पूर्ण व्हायला दोन महिने होते. बारीक, सावळी, दोन घट्ट वेण्या. वडील सोडायला यायचे. ते न्हावा शेव्याच्या बंदरावर, जहाजाचा माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला होते; गळ्यात ओळखपत्र, एका हातात मुलगी आणि दुसऱ्या हातात वाजणारा फोन. आई बेलापूरला सरकारी कचेरीत क्लार्क आहे, 'सध्या रजेवर आहे', एवढंच त्यांनी प्रवेशाच्या वेळी सांगितलं. रजेवर असलेली आई मुलीला सोडायला एकदाही का येत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. वेण्या वडील घालत असणार हेही आलं नाही, एक नेहमी वर आणि एक खाली असायची तरी.

ती पहिल्याच आठवड्यात बाहुल्यांच्या टोपलीकडे गेली आणि तिथेच राहिली. तिला काळ्या लोकरीच्या केसांची कापडी बाहुली आवडली. बाहुली मांडीवर घ्यायची, एक केस चिमटीत पकडायचा, ओढायचा, बाजूला ठेवायचा, की दुसरा. घाई नाही, राग नाही. शेवटी सगळे केस वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून, पुडी नीट दुमडून कचऱ्याच्या डब्यात टाकायची. मी लांबून बघत होते. या वयाची मुलं एका जागी पाच मिनिटं बसत नाहीत. मी चांदणी काढली, आणि खाली भर घातली, 'कागदाची घडी कोपऱ्याला कोपरा जुळवून.'

आमच्याकडे एक मावशी आहेत. इथल्याच जुन्या गावातल्या, शाळा झाडतात, मुलांना शूला नेतात, आणि खरं म्हणजे शाळा त्याच चालवतात. त्या हात पुसत माझ्याजवळ आल्या.

"बाई, ती पोर बावलीचं क्यास उपटते. जरा सांगा ना तिला."

"मावशी, नियम माहीत आहे ना? खेळू दे."

"यो खेल नाय," मावशी म्हणाल्या. "हिच्या घरान कोनतरी आजारी हाय."

मावशींनी नवऱ्याचं दोन वर्षांचं दुखणं काढलेलं. त्यामुळे यांना सगळीकडे दुखणीच दिसतात, असं मी मनात म्हटलं आणि तोंडाने म्हणाले, "मावशी, मुलांच्या खेळाचा असा लगेच अर्थ लावायचा नसतो." बालशिक्षणाची पदविका माझ्याकडे होती. त्या फरशी पुसायला गेल्या.

बाहुलीचं टक्कल पूर्ण झाल्यावर मुलीने एक ओढणीचा तुकडा शोधला आणि तिच्या डोक्याला घट्ट बांधला, मागे गाठ मारून. मग तिला आडवं केलं, पांघरूण घातलं. दर थोड्या वेळाने चिंचोक्याची गोळी भरवायची आणि आजूबाजूच्या मुलांना तोंडावर बोट ठेवून सांगायची, "हळू बोला. झोपलीय ती."

मला हवा होता तो धागा मिळाला. दुसऱ्याच दिवशी मी कोपऱ्यात छोटी गादी घातली, खिडकीच्या गजाला प्लास्टिकची बाटली उलटी टांगली, तिला पांढरी दोरी बांधली. खोटा स्टेथोस्कोप आणला. 'आमचा दवाखाना' अशी पाटी मुलांकडून रंगवून घेतली. सगळा वर्ग लोटला. कुणी कंपाउंडर झालं, कुणी केसपेपर फाडू लागलं, विमानवाला मुलगा रुग्णांना विमानातून आणू लागला. ती मात्र बाहुलीच्या उशाशीच. मी फोटो काढले आणि पालकांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'मुलांच्या कल्पनाशक्तीला मोकळं सोडलं की काय घडतं पाहा!' सत्तावीस अंगठे आले. लिहायला कधी घेणार, असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही, आणि मी खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या अर्धा तास आधी एक बाई दारात आल्या. तोंडाला मास्क, डोक्याला स्कार्फ, घट्ट, मागे गाठ. मी ती गाठ पाहिली. त्या कोण आहेत हे त्यांनी सांगायच्या आतच मला कळलं होतं.

मावशींनी मुलांना मागच्या बाजूला मातीत खेळायला नेलं. त्या बाई मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या, कारण तीच जवळ होती. फोन पुढे केला. फोटो मोठा करून आणला होता.

"मॅडम, हे तिला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. "तिनेच केलं."

"आणि ही पुडी?" फोटोच्या कोपऱ्यात, बाहुलीच्या पायाशी वर्तमानपत्राची पुडी पडली होती. मी ती नीट पाहिलीही नव्हती. "केस जायला लागले तेव्हा मी बाथरूमचं दार लावून घ्यायचे. हातात येतील तेवढे कागदात गुंडाळायचे आणि हे ऑफिसला जाताना पुडी घेऊन जायचे. तिने कधी बघितलं हे? घरात मी स्कार्फ काढतच नाही. झोपतानाही नाही. तिला सांगितलंय, आईला सर्दी झालीय, कान झाकायचे असतात."

त्या रडत नव्हत्या. त्यांचा आवाज कचेरीत फाइल मागावी तसा सरळ होता आणि म्हणूनच मला तो सहन होत नव्हता.

"डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय. किती दिवस, तेही. सोसायटीत कुणाला माहीत नाही. तिला काही कळलेलं नाही, एवढ्यावर मी जगतेय, मॅडम. तिच्या दिवसातले हे चार तास तरी दुखण्याशिवायचे जावेत म्हणून तुमच्याकडे घातली. आणि तुम्ही तिला इथे पण तेच दिलंत. बंद करा ते."

माझ्याकडे उत्तर होतं. खेळातूनच मूल भीती बाहेर काढतं, ते थांबवू नये, हे मी दहा सभांमध्ये पालकांना सांगितलेलं. पण त्या बाईसमोर मला फार लाज वाटत होती. आणि लाज वाटली की माणूस समोरचा सांगेल ते करून मोकळा होतो. मी 'हो' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गादी गुंडाळली, बाटली काढली, चिंचोके डब्यात भरले. मावशी खोकं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकदा फळ्यावरच्या नियमाकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. मुलगी सगळं बघत होती.

"का आवरतेस, टीचर?"

"अगं, बाहुली बरी झाली. आता दवाखान्याचं काय काम?"

"बरी झाली?" तिने बाहुलीकडे पाहिलं. बाहुलीचं टक्कल तसंच होतं. "सगळं सामान ठेवून दिलं की बरी होते?"

"हो," मी म्हणाले.

या एका 'हो'साठी मी स्वतःला माफ केलेलं नाही. तिने विचार करून विचारलं होतं आणि मी घाईत उत्तर दिलं होतं. खोकं माळ्यावर गेलं. त्या दिवशी ती कशालाच हात न लावता बसून राहिली, आणि वहीत तिच्या नावापुढे मी काही लिहिलं नाही.

चार दिवसांनी वडील मुलीला न घेताच आले. दारातच उभे राहिले.

"टीचर, एक विचारायचं होतं. तुम्ही मुलीला काही बोललात का? सामान वगैरे ठेवून द्यायचं?"

आदल्या सकाळी आईच्या गोळ्यांचा डबा सापडेना. मग रिपोर्टची फाइल सापडेना, थर्मामीटर सापडेना, दोरीवर वाळत घातलेले दोन्ही स्कार्फ सापडेनात. सकाळची गोळी चुकली, दुपारची चुकली. मेडिकलमध्ये ती गोळी मिळेना, त्यांनी ऑफिस सोडून पनवेलपर्यंत चकरा मारल्या. संध्याकाळी दिवाणातून रजई काढायला गेले तर तळाशी बाजाराच्या पिशवीत सगळं मिळालं. गोळ्या, फाइल, स्कार्फ, घड्या घालून. कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"मी ओरडलो तिच्यावर," ते म्हणाले. "तर म्हणते, पप्पा, दवाखाना बंद केला, आता आई बरी. टीचरने सांगितलंय. दिवसभर तिच्या समोर शोधत होतो आम्ही, ती गप्प. सारखी आईकडे बघत होती. बरी कधी होते ते बघत होती, टीचर."

मी तिथेच रडले, पालकासमोर. तोवर मी कधी रडले नव्हते. ते बिचारे मलाच सांगू लागले, "टेन्शन घेऊ नका, गोळ्यांचं काही नाही झालं, डॉक्टर म्हणाले चालेल." ते मला दोष द्यायला आलेच नव्हते, बायकोचा निरोप घेऊन आले होते. निरोप असा होता: दवाखाना परत उघडा, मी येते.

मंगळवारी त्या आल्या. माळ्यावरचं खोकं मावशींनी सकाळीच काढून ठेवलं होतं, मी सांगायच्या आत. गादी घातली, बाटली टांगली. आईला वर्गात बघून मुलगी जागच्या जागी उभी राहिली. त्या कोपऱ्यात गेल्या, गादीवर पाय पोटाशी घेऊन आडव्या झाल्या, कारण गादी मुलांच्या मापाची होती. मग डोक्याचा स्कार्फ सोडला.

इतर मुलं बघत होती. कुणी हसलं नाही. मुलीला तर नवल वाटलंच नाही. ती स्टेथोस्कोप घेऊन आली, आईशेजारी मांडी घालून बसली.

"दुखतंय?"

"नाही गं, बाळा," आई म्हणाली. सवयीने.

मुलीने स्टेथोस्कोप खाली ठेवला. आता ती उठून जाणार असं मला वाटलं. आईलाही वाटलं असणार, कारण तिने पटकन मुलीचा हात धरला.

"हो," आई म्हणाली. "दुखतंय."

"कुठे?"

आईने दाखवलं. पोटाशी, मग पाठीत. मुलीने त्या त्या जागी आपला तळवा ठेवला. फार गंभीरपणे, वेळ घेऊन. मी मुलांना बाहेर नेण्याच्या निमित्ताने उठले. इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले, तर तिथे मावशी आधीच पदर तोंडाला लावून उभ्या.

"बोललो होतो मी तुमाला," त्या म्हणाल्या. मग लगेच माझ्या पाठीवर हात ठेवला.

असे पाच मंगळवार त्या आल्या. सहाव्या मंगळवारी त्या हॉस्पिटलमध्ये होत्या आणि पुन्हा घरी आल्या नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले. चपलांचा ढीग, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, समोर मेणबत्त्या, कुणीतरी हळू आवाजात त्रिशरण म्हणत होतं. परभणीकडून आलेली आजी प्रत्येकाला सांगत होती, "लेकराला काहीच कळंना हो अजून. खेळतंय आपलं." लेकरू दाराआड बसलं होतं आणि सगळं ऐकत होतं. मला आजीला सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? तीन महिन्यांपूर्वी मीही हेच बोलत होते, पदविका घेऊन. मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी ती शाळेत आली. वेण्या आजीने घातलेल्या, दोन्ही सारख्या. कोपऱ्यात दवाखाना होता तसाच होता. या वेळी मी कशालाही हात लावला नव्हता. ती गेली, गादीजवळ बसली. बाहुलीच्या डोक्यावरची गाठ सोडली, परत बांधली, परत सोडली. विमानवाल्या मुलाने विचारलं, "बरी झाली का गं?"

"नाही," ती म्हणाली. "मेली."

तो "बरं" म्हणाला आणि ठोकळ्यांकडे निघून गेला. तिने बाहुली टोपलीत ठेवली. मग माझ्याकडे आली, माझं बोट धरलं आणि गादीपाशी नेलं.

"टीचर, तू झोप."

मी झोपले. पाय बाहेर येत होते. तिने बाटलीची दोरी माझ्या मनगटावर ठेवली.

"दुखतंय?"

"नाही गं," मी म्हणाले. इतकं सगळं होऊन, तोंडातून तेच आलं.

ती वाट बघत राहिली. तिच्या आईसारखीच सरळ नजर होती.

"हो," मी म्हणाले. "दुखतंय."

"कुठे?"

मला दाखवता येईना. तिने मग स्वतःच जागा ठरवली, माझ्या कपाळावर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच दाबून धरला. मग डब्यातून एक चिंचोका चिमटीत उचलला आणि माझ्या हातावर ठेवला.

"ही गोळी," ती म्हणाली. "हिने बरं होत नाही. पण घ्यायची."